गाभण म्हणून घेतलेली शेळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी धाराशिवच्या कोर्टात टंकलेखक आहे. वीस वर्षं लोकांची भांडणं टाइप करतेय, त्यामुळे कुणी मला फसवलं की माझी बोटं टेबलावर आपोआप चालायला लागतात. 'सबब, वर्णन केल्याप्रमाणे माल न देता...' वगैरे. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक शेळी घेतली, तेव्हाही ती चालली होती. ते भांडण कसं मिटलं, हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

शेळी आईसाठी होती. आई तेरला एकटी राहते. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता तिला उजेड आणि सावली एवढंच समजतं. नजर गेली तेव्हा तिनं आपल्या सातही शेळ्या एकाच दिवशी विकल्या आणि ओट्यावर बसली. घर तिला पाठ आहे. भाकरी करते, अंगण झाडते, भांडी जिथल्या तिथं लावते. पण धाराशिवला चल म्हटलं की म्हणायची, "तुझ्या फ्लॅटात मला माझंच पाय सापडत न्हाईत."

त्या थंडीत ती एकदा आपणहून म्हणाली, "एक शेळी बघ. गाभणच बघ. करडू माझ्या हातावर पडू दे. लई दिस झालं हाताला काम न्हाय."

माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी लगेच कामाला लागले. आता ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्याच जिल्ह्यात राहून ती मोबाइलवर शोधायची म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण बाजाराच्या दिवशी मला रजा मिळायची नाही, आणि मला शेळीतलं काही कळतही नाही. एका ॲपवर जाहिरात सापडली. 'शुद्ध उस्मानाबादी. दुसरं वेत. गाभण, आठ-पंधरा दिवसांत विणार. गरीब स्वभाव, बाईमाणसाच्या हातची.' सोबत व्हिडिओ. काळीभोर, लांब कानांची, पोट दोन्ही अंगांनी भरलेलं. विकणारा भूम तालुक्यातला, ईटच्या अलीकडच्या एका गावचा. बोलायला मधाळ. "ताई, डोळं झाकून घ्या," म्हणाला.

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी आईला व्हिडिओ ऐकवला. तिनं फोन कानाला लावला, शेळीचं ओरडणं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "आवाज भरीव हाय. घे." मी सोमवारी फोनवरून पैसे पाठवले. शनिवारी एक टेम्पो त्याच्याकडून शेळ्या घेऊन आमच्या बाजूला येणार होता, त्यातून शेळी तेरला पोचणार होती.

आईनं तयारी केली होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पिळून तिनं नवं दावं वळलं होतं. आमच्याकडं जनावर विकणारा माणूस दावं देत नाही. जनावर द्यायचं, दावं काढून घ्यायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते असं म्हणतात. त्यामुळे टेम्पोवाल्यानं शेळी खाली उतरवली, तिच्या गळ्यातलं दावं सोडून खिशात कोंबलं आणि आईनं लगेच आपलं बांधलं. मग शेळीच्या खुरांवर पाणी घातलं. अंगठ्यानं कपाळ शोधून हळद-कुंकू लावलं. भाकरीचा तुकडा ओवाळून तिच्या तोंडाशी धरला.

शेळीनं तो हुंगलासुद्धा नाही.

मग आईनं शेळी बघायला घेतली. बघायला म्हणतेय, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही. दोन्ही कान मुठीतून सोडले. अंगठा ओठात घालून दात मोजले. मानेवरून, पाठीवरून, कण्याच्या एकेका मणक्यावरून तिचा हात अगदी सावकाश गेला. कुशीपाशी हात थांबला. तो तिनं तसाच पोटाखाली नेला, कास चाचपली. एक धार बोटांवर घेतली, चिमटीत चोळली, नाकाशी नेली.

"ही गाभण न्हाय," ती म्हणाली. "बाळंतीण हाय."

"काय?"

"चार दिस झालं असतील. चीक अजून सरला न्हाय. बघ कसा चिकटतूया." तिनं बोटं माझ्यापुढं केली. मला दोन धडधाकट डोळे असून त्या बोटांवर दूध दिसलं, एवढंच.

माझं डोकंच फिरलं. मी त्या माणसाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. आणखी चारदा लावला. मग ॲपवर तक्रार करायला बसले. त्या फॉर्मनं मला विचारलं, वस्तू मूळ खोक्यात आहे का? खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे का? वस्तू वापरली आहे का? मी रागाच्या भरात 'होय' आणि 'नाही' दोन्ही दाबून पाहिलं. शेवटी उत्तर आलं की जिवंत प्राण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही. मी आईला म्हटलं, "परत पाठवू. नोटीसच काढते त्याला."

"ववाळून घेतलीय तिला. दारात आलेली लक्षुमी परत धाडत्यात व्हय?"

"अगं, फसवलंय त्यानं आपल्याला!"

"आपल्याला फशिवलं आसंल. तिनं काय केलं?"

संध्याकाळी आईनं तिची धार काढली. कास दगडासारखी टणक झाली होती. धार लागली तशी शेळी थरथरत उभी राहिली. पिवळसर घट्ट चीक पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे कबूल करते. मी खरवसाचं नाव काढताच आई म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराचं हाय ते," आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतून आली.

शेळी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पुढ्यात सुबाभळीचा पाला, शेंगा, काहीही ठेवा, शिवेना. थांबून थांबून ओरडायची आणि मग कान पुढं करून ऐकायची. सकाळपर्यंत तिचा घसा बसला. तोच 'भरीव' आवाज फाटक्या कापडासारखा झाला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर आई तिच्या शेजारी बसलेली.

"हिचं करडू जित्तं हाय," आई म्हणाली.

"तुला कसं गं कळतं?"

"मेलेलं हुंगलेली शेळी आशी वरडत न्हाय. ती दोन दिस बसून ऱ्हाती, मग उठती, पाल्याला लागती. ही हाक मारतीया. हाक मारती आन् कोण ओ देतंय का बघती." मग तिनं आदल्या दिवशीचा आपला कायदा स्वतःच मोडला. "ववाळणी ऱ्हाऊ दे. येक तर करडू हितं आलं पायजे, न्हायतर हिला तिकडं धाड. पर आजच. येक रात गेली. आणिक येक गेली की ती वास इसरंल, मग करडू जवळ घ्यायची न्हाय. आन् करडू तिकडं कुणाचं पीत आसंल?"

तिचा प्रश्न ऐकून माझ्या रागाचा सूर बदलला. तोवर मी पैशांसाठी, अपमानासाठी भांडत होते. आता तिथं कुठंतरी एक पिल्लू उपाशी होतं आणि आजचाच दिवस हातात होता.

नवव्यांदा त्यानं फोन उचलला. आईलाही ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवला. मी जाहिरातीतला शब्द न् शब्द वाचून दाखवला. तो ऐकेना.

"ताई, गाभणच दिलीया. चांगली बघा."

"काल कासेतून चीक निघाला!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा तो चढ्या आवाजात बोलायला लागला. "तुमी पैसं टाकलं तव्हा गाभण हुती का न्हवती? फोटू खोटा हाय का? मग? तुमी येक शेळी घेतली, म्या येक शेळी दिली. बुधवारी याली ती, त्याला म्या काय करू?"

हाच तो क्षण, ज्यासाठी वकील महिनोन् महिने घासाघीस करतात. त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. मी झडप घातली. "म्हणजे गाभण शेळीचे पैसे मी दिले. मग करडू माझं झालं! कुठंय ते?"

पलीकडचा आवाज उतरला. "मेलं, ताई."

मी आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. आणि हातानं चाचपत दगडाशी आली, फोनजवळ वाकली.

"बाबा, मी तिची आई बोलती. नर हाय का मादी, बोकड का पाठ?"

"मावशी, मेलं म्हनलं की."

"मेलं तर मेलं. बोकड का पाठ, तेवढं सांग."

उत्तराऐवजी त्याच्या गोठ्यातले आवाज येत होते. कुठंतरी बादली वाजली, कोंबडं आरवलं. आणि मग अगदी बारीक, दाराची बिजागरी कुरकुरावी तेवढा एक आवाज आला.

मला वाटलं फोनचीच काही खरखर असेल. पण आमची शेळी गर्रकन वळली. आदल्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून उभी असलेली ती शेळी इतक्या जोरात आली की खुंटाच जमिनीतून उपटला. दावं फरफटत दगडापाशी आली, फोनवर नाक ठेवलं आणि ओरडली. बसलेल्या घशातून तो आवाज तिनं कुठून काढला, तिचं तिलाच ठाऊक. पलीकडून पुन्हा बारीक आवाज आला. हिनं पुन्हा दिला. तळहाताएवढ्या त्या यंत्राला ती जिभेनं चाटत होती, त्याच्याखाली नाक घालून ते उलटं करत होती, आत कोण आहे ते शोधत होती. वीस वर्षांत मी किती साक्षी टाइप केल्या असतील, अशी एकही नाही.

मग त्या माणसाचा आवाज आला. पार वेगळाच झाला होता.

"मावशी, ती... तीच वरडली का वो?"

"व्हय."

"फोन माझ्या हातात हाय आन् हितं पाठ उभी ऱ्हायली. कालपासनं पडून हुती. बाटली तोंडात धरंना. दुसऱ्या शेळीनं लाथाडलं तिला. आन् आता उभी ऱ्हायली वो!"

"मग ये, लेकरा," आई म्हणाली. "लवकर ये."

फोन ठेवल्यावर आईनं फक्त एवढंच विचारलं, की माझा फोन ओला झालाय का.

दुपार सरत आली तेव्हा तो आला. एवढा रस्ता मोटारसायकलवर एकटाच. सदऱ्याच्या आत, छातीशी, टॉवेलमध्ये गुंडाळलेली पाठ. फक्त डोकं बाहेर. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी दोन पानांचं भाषण तयार ठेवलं होतं. तो गाडीवरून उतरला, वाळका, उन्हानं रापलेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, आणि माझ्याकडं न बघता सरळ आईच्या पायाशी वाकला. माझं भाषण घशातच राहिलं.

पाठीला खाली ठेवलं तर तिचे पाय काडीसारखे फाकले. शेळी धावत आली, हुंगलं आणि डोक्यानं तिला ढकलून दिलं. पाठ आडवी झाली. शेळी पुन्हा ओरडायला लागली, इकडंतिकडं बघत, जणू जिला बोलावलं ती अजून यायचीच होती. तो माणूस "आरं देवा" म्हणाला. माझे डोळे भरून आले. एवढं होऊन आता हेच बघायचं होतं का?

आई मात्र शांत होती. "आवाज वळखला, वास न्हाय वळखत," ती म्हणाली. "तुझा वास हाय तिला. गाडीचा हाय. आण हिकडं." तिनं पाठ मांडीवर घेतली, मला शेळी धरायला लावली आणि ओंजळीत दोन धारा काढल्या. ते दूध तिच्या डोक्याला, अंगावरून, शेपटीखाली चोळलं, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं. वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं. मग तिला शेळीच्या नाकापुढं ठेवलं आणि आम्हाला म्हणाली, "आता कुणी बोलायचं न्हाय."

शेळीनं लांबूनच हुंगलं. मान मागं घेतली. पाठीनं तोंड उघडलं, आवाज निघालाच नाही, मग निघाला. शेळीनं पुन्हा मान पुढं केली. एकदा चाटलं. मिठाची चव लागली असेल, पुन्हा चाटलं. मग शेपटीखाली नाक घातलं आणि तिथंच थबकली. आणि तिच्या घशातून एक आवाज आला, जो मी आधी कधीच ऐकला नव्हता. तोंड मिटून, आतल्या आत, घुमल्यासारखा. मोठ्यानं मारलेल्या हाका त्या वेगळ्या, हा वेगळा.

पाठ लटपटत पोटाखाली गेली. आम्ही दोघं वाकून बघतोय, सड सापडला का, तोंडात गेला का. काही दिसेना. आईनं मान तिरकी केली, ऐकलं आणि म्हणाली, "लागली."

एक क्षण गेला आणि मग पाठीची शेपटी फिरकीसारखी हलायला लागली. आईला आमच्या आधी कळलं होतं. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, आईला तर डोळेही लागले नव्हते. मी त्या दिवशी तिच्याकडं अशी बघत राहिले, जशी लहानपणी तिच्याकडं बघत असेन.

चहा घेताना त्यानं आपणहून सांगितलं. पाठ चांगल्या वाणाची, तिची आई दुधाची लई, अशी एक तरी घरी राहावी असं वाटलं. दुसऱ्या शेळीला लावू म्हटलं, ती लागली नाही. "मग सांगायला त्वांड ऱ्हायलं न्हाय, ताई," तो म्हणाला. मी काहीतरी तिखट बोलणार होते. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

निघताना त्यानं खिशातून एक दावं काढलं. शेळीचं जुनं दावं, टेम्पोवाल्यानं परत नेलेलं. ते त्यानं आईच्या हातात ठेवलं. आईनं त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली, झिजलेल्या गाठीवर थांबली, आणि तिच्या लक्षात आलं.

"बाबा, दावं देत न्हाईत."

"म्हाईत हाय, मावशी."

तो गाडीला किक मारून गेला. मी आजवर शेकड्यांनी माफीनामे टाइप केलेत, त्यांतला एकही त्या दाव्याच्या पासंगाला पुरणार नाही. ॲपवरच्या तक्रारीचं पुढं काही केलं नाही.

माझी शेवटची बस अजून यायची होती. मी पिशवी भरता भरता म्हणाले, "आई, सगळं मान्य. पण फोनमधून? फोनमधला आवाज काय खरा असतो? तिनं कसा ओळखला असेल?"

आई पाठीला थोपटत होती. मग म्हणाली, "तू सातवीला धाराशिवला हॉस्टेलला गेलीस, तव्हा मी वेशीतल्या बूथवरनं फोन करायची. आठवतंय?"

आठवत होतं. हॉस्टेलच्या बाईंच्या खोलीतला तो काळा फोन. मी त्यावर एक शब्द बोलायचे नाही. बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि बाई समोर बसलेल्या असायच्या. आई पलीकडून विचारत राहायची आणि मी रिसीव्हर घट्ट धरून उभी. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या फोनांवर मी तिला काहीच दिलं नाही.

"तू नुसतं नाक वडायचीस," आई म्हणाली. "त्याच्यावरनं मला कळायचं. आज जेवलीया का न्हाय, ताप हाय का, कुणी बोललंय का. मग मी घरी येऊन भाकरी खायाची. पहिलं दोन दिस मी बी आशीच हुते, भित्तीकडं त्वांड करून. तुझ्या बापाला इचार..." मग तिला आठवलं की विचारायला ते आता नाहीत, आणि ती हसली. "जा, बस चुकंल."

मी बस चुकवली. सोमवारी पहाटेच्या बसनं गेले.

पाठ आता मोठी झालीय. मागच्या महिन्यात तीच व्याली, आणि करडू आईच्या हातावर पडलं. मी रोज संध्याकाळी कोर्टातून निघाले की आईला फोन लावते. तिनं उचलला की मी लगेच बोलत नाही. रस्त्याच्या गोंगाटात फोन कानाला धरून थोडा वेळ तशीच उभी राहते. पलीकडं आई ऐकत असते. मग म्हणते, "आज कुणाशी भांडलीस?"